दोनशे भरा आणि सुटा

तालुक्याच्या कोर्टात सकाळी अकरा वाजता मागच्या बाकावर बसून बोर्डावरची पहिली पंधरा-वीस प्रकरणं बघावीत. नंबराआधी ‘एससीसी’ अशी अक्षरं असतात, म्हणजे समरी क्रिमिनल केस, झटपट चालवायचा फौजदारी खटला. पुकारा होतो, पैरवीचा, म्हणजे ठाण्याचं कोर्टातलं काम बघणारा हवालदार कागद पुढे सरकवतो, पिंजऱ्याजवळ उभ्या माणसाला विचारलं जातं, ‘गुन्हा कबूल आहे का?’ व्हरांड्यात त्याला आधीच सांगून झालेलं असतं: ‘हो म्हण, दोनशे भर आणि सुट. नाही म्हणालास तर वर्षभर तारखा.’ तो हो म्हणतो. छापील कागदावर सही, खिडकीवर दंडाची पावती, दुपारच्या एसटीनं माणूस घरी. सातारा, कराड, वाई, मिरज, विटा, कुठलंही कोर्ट घ्या, दृश्य फारसं बदलत नाही.

या प्रकरणांची जात एकच. पावसाळ्यात धबधब्यावर बंदी असताना ठोसेघरला खाली उतरलेले पर्यटक, कृष्णेचा पूर बघायला आयर्विन पुलावर थांबलेली पोरं, गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बी लावणारं मंडळ, वेळेनंतर उघडं राहिलेलं हॉटेल, रस्त्यात आलेली हातगाडी, भाडेकरूची माहिती ठाण्यात न दिलेला घरमालक. पोलीस ठाण्यात या प्रकरणांना नावं नसतात, कलमं असतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ ची ‘११०/११७’ किंवा ‘३७/१३५’, पूर्वीचं भादंवि (भारतीय दंड विधान) ‘१८८’ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ‘२२३’. वकील ती घेत नाहीत कारण फी निघत नाही, पेपरवाले छापत नाहीत कारण बातमी होत नाही, आणि आरोपी भांडत नाही कारण एका तारखेला बुडालेला रोजगार दंडापेक्षा महाग पडतो.

शिक्षा किरकोळ म्हणून प्रक्रियाही किरकोळ चालेल, हा हिशेब जुन्या काळात खपून जात असेल. तेव्हा निकाल रेकॉर्ड रूममध्ये बासनात जाई आणि गाव विसरून जाई. आज ती कबुली कुणी विसरू देत नाही. का, ते पुढे येईलच. पोलिसांनी असे खटले कमी दाखल करावेत, पण करतील ते पुरते करावेत, आणि अपुऱ्या कागदांवर कबुली घेऊन बोर्ड रिकामा करण्याची रीत कोर्टांनी मोडावी, असं माझं म्हणणं आहे.

कबुलीपासूनच सुरुवात करू. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांनी आरोपाचा तपशील आरोपीला सांगायचा असतो आणि मग विचारायचं, कबूल आहे की बचाव करायचा आहे. नव्या संहितेनं इथे एक चांगली भर घातली आहे: आरोप निराधार वाटला, तर कारणं लिहून तिथल्या तिथे सोडून देता येतं. कलम २७५ सांगतं की कबुली शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत नोंदवायची. हे ‘आरोपीच्या शब्दांत’ शोभेला नाही. महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या जुन्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती अट बंधनकारक ठरवली आणि तशी नोंद नसलेली शिक्षा टिकू दिली नाही. साठ वर्षांनंतरही ‘मला गुन्हा कबूल आहे, दया करावी’ हे वाक्य आधीच छापलेलं असेल आणि खाली फक्त नाव भरायचं असेल, तर त्या कागदात आरोपीचा एकही शब्द नाही.

शब्दांनी काय फरक पडतो? मंडळाचा अध्यक्ष म्हणतो, ‘साहेब, अध्यक्ष मीच आहे, पण त्या रात्री मी गावात नव्हतो.’ हातगाडीवाला म्हणतो, ‘गाडी माझीच, पण चाक निखळलं होतं.’ पर्यटक म्हणतो, ‘उतरलो होतो, पण बंदीचा बोर्ड कुठं नव्हता.’ तिन्ही वाक्यांच्या सुरुवातीला होकार आहे आणि तिन्ही वाक्यं बचावाची आहेत. घाईत पहिला अर्धा भाग ऐकला जातो. नेमका दुसरा अर्धा भाग लिहून घ्यावा म्हणून कायद्यानं आरोपीच्या शब्दांचा आग्रह धरला.

आणि एकदा हो म्हटलं की मागे फिरायला वाट राहत नाही. कबुलीवर शिक्षा झाली, तर कलम ४१६ प्रमाणे दोषी ठरवण्याविरुद्ध अपील नाही. फार तर शिक्षेचं प्रमाण किंवा तिची कायदेशीरता यावर बोलता येतं. त्याच्या पुढचं कलम ४१७ आणखी मजेशीर. समरी खटल्यात फक्त दंड झाला आणि तो दोनशे रुपयांच्या आत असेल, तर भांडून हरलेल्यालाही अपील नाही. म्हणजे दोनशे रुपये दंड ही दया वाटते, प्रत्यक्षात ती अपिलाचं दार लावून घेते. उरतो फक्त पुनरीक्षण अर्ज, आणि दोनशे रुपयांसाठी सत्र न्यायालयात पुनरीक्षण करणारा माणूस मला तरी सुचत नाही. समन्ससोबतच दंडाची रक्कम कळवून टपालानं कबुली मागवण्याचीही सोय संहितेत आहे (कलम २२९, दंडाची मर्यादा ५,००० रुपये). दूरच्या माणसाला ती सोयीची आहे. मात्र समन्सवर कलमाच्या आकड्याशिवाय काही लिहिलेलं नसेल, तर व्हरांड्यातली कुजबुज पाकिटात घालून घरी पाठवल्यासारखंच ते.

आता कागदांकडे वळू, कारण यातले कितीतरी खटले लढवले तर पहिल्याच तारखेला कोसळतील असे असतात. ‘२२३’ चंच घ्या. मनाई आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा. भंगाची दखल कोर्टानं कशावर घ्यायची? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१५ म्हणतं: ज्या लोकसेवकाचा आदेश मोडला त्याची लेखी फिर्याद हवी, नाहीतर त्याच्या वरिष्ठाची, किंवा त्यानं अधिकार दिलेल्या दुसऱ्या लोकसेवकाची. ठाण्यात एफआयआर नोंदवून हवालदारानं दोषारोपपत्र पाठवणं म्हणजे अशी फिर्याद नव्हे. जुन्या संहितेतलं १९५ हेच सांगत होतं आणि सर्वोच्च न्यायालयानं १९६२ च्या दौलत राम प्रकरणापासून ते वारंवार बजावलं आहे. तरीही कोरोनाच्या टाळेबंदीत राज्यभर १८८ खाली गुन्ह्यांचे ढीग लागले, आणि शेवटी ते मागे घेण्याचा निर्णय सरकारलाच घ्यावा लागला. ‘अधिकार दिलेला लोकसेवक’ ही तिसरी वाट नव्या संहितेनं दिली ती पोलिसांच्या सोयीसाठीच. जिल्हाधिकाऱ्यांनी एका कागदावर अमुक ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला फिर्याद देण्याचा अधिकार दिला की काम भागतं. तो कागद फाईलला लावायचे कष्ट तरी घ्यावेत.

कलमाच्या पोटातही दोन अटी आहेत आणि त्या पंचनाम्यात क्वचितच सापडतात. आरोपीला आदेश माहीत होता, हे दाखवावं लागतं. आणि आदेश मोडल्यामुळे कुणाला अडथळा, त्रास किंवा इजा झाली, निदान तशी शक्यता होती, हेही. ‘आदेश होता, तो तिथे दिसला’ एवढ्यावर २२३ पुरं होत नाही. धबधब्याच्या वाटेवर मराठी फलक कोणत्या तारखेला लावला, त्याचा तारीख दिसणारा फोटो, ग्रामपंचायतीच्या नोटीस बोर्डावर आदेश चिकटवल्याचा दाखला, ही दहा मिनिटांची कामं आहेत. ती केली नाहीत, तर पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला आदेश माहीत होता हे सिद्ध करायचं कशानं?

हा फिर्यादीचा अडसर पोलीस अधिनियमाच्या ३७/१३५ ला नाही, म्हणून पोलिसांचा कल तिकडे असतो. पण तिथे मुदतीचं बघावं लागतं. जमावबंदी आणि मिरवणुकीवरची बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खालचा आदेश, म्हणजे आपलं जुनं १४४, दोन महिन्यांपलीकडे जात नाही, सरकारनं वाढवल्याशिवाय. म्हणून घटनेची तारीख आणि आदेशाची मुदत शेजारी शेजारी ठेवून बघणं हे पहिलं काम. दुसरं, आदेश संपला की तारीख बदलून पुन्हा तोच काढायचा, हेही चालत नाही. अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत, त्यात कारणं असली पाहिजेत आणि ते पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. संकट तात्पुरतं असेल तर मनाई आदेश; गैरसोय कायमची असेल तर नीट नियम करा, हरकती मागवा. जिल्हा बारा महिने मनाई आदेशावर चालवायचा नसतो.

आता डॉल्बी. आपल्याकडे कुठल्याही कंपनीची स्पीकरची भिंत असली तरी ती डॉल्बीच. या विषयावर मी मंडळांच्या बाजूचा नाही. रात्री अकराला खिडकीची तावदानं थरथरतात, घरात तान्हं बाळ किंवा हृदयविकाराचा रुग्ण असतो, त्या घराचा हक्क मंडळाच्या हौसेपेक्षा मोठा आहे. म्हणूनच हे खटले पडतात तेव्हा जास्त राग येतो, आणि ते पडतात मोजमापावर.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज, त्या भागाच्या मानकापेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५ डेसिबल, यातला जो आकडा कमी असेल त्याच्या वर जायला नको. म्हणजे निवासी गल्लीत दिवसा मर्यादा ६५, पेठेत ७५. पंचनाम्यात ‘आवाज ९८ डेसिबल’ एवढंच लिहिलं असेल, तर त्यावरून काहीच ठरत नाही. भाग कोणता, वेळ काय, हद्द कुठली धरली, मीटर स्पीकरपासून किती अंतरावर होता? मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. अरुंद गल्लीत भिंतींवरून परत येतो आणि तेवढा उतरत नाही. अंतर न लिहिलेला आकडा म्हणजे उंची न सांगता सांगितलेलं वजन.

मिरवणुकीत तर आणखी घोळ. दोन मंडळं पाठोपाठ उभी आहेत, प्रत्येकाचा आवाज ९०. मीटर काय दाखवेल? १८० नाही, ९३. डेसिबल ही साधी बेरीज नाही. दोन सारखे आवाज मिळून फक्त ३ नं वाढतात. उलटा अर्थ असा की ९३ चं एक रीडिंग घेऊन मागच्या मंडळाच्या नावावर टाकलं, तर त्यातला वाटा कुणाचा किती हे कुणालाच सांगता येत नाही. उपाय साधा आहे: दोन मिरवणुकींत अंतर पडेपर्यंत थांबा, आधी डॉल्बी बंद असतानाचं रीडिंग घ्या, मग चालू असतानाचं, एकदा नाही, तीनदा. वाऱ्यासाठी मायक्रोफोनवर फोमची टोपी हवी, मीटर ‘ए’ वेटिंगवर, म्हणजे माणसाच्या कानाला जुळणाऱ्या मापावर हवा. मोजण्याआधी आणि नंतर कॅलिब्रेटर लावून तपासायचं. तो साधारण ९४ डेसिबलचा ठरलेला सूर देतो, मीटरनं तेवढाच दाखवला पाहिजे. मीटरचा अनुक्रमांक आणि कॅलिब्रेशनच्या दाखल्याची तारीख पंचनाम्यात यायला हवी. मोबाइलवरचं अ‍ॅप गस्तीवर अंदाज घ्यायला ठीक, शिक्षेला पुरावा म्हणून नाही. दोन फोन शेजारी धरले तरी दोन आकडे दाखवतात.

कलमाचीही गफलत होते. पूर्वी डॉल्बीला पर्यावरण संरक्षण कायद्याचं कलम १५ लागायचं, पाच वर्षांपर्यंत कैद. जनविश्वास कायदा २०२३ मुळे १ एप्रिल २०२४ पासून ती कैद गेली. आता तिथे दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंतचा आर्थिक दंड आहे आणि तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो, दंडाधिकारी नाही. ठाण्यातल्या संगणकावर जुना मसुदा उघडून नाव-गाव बदललं, की मेलेलं कलम पुन्हा जिवंत होतं. पोलीस अधिनियमाचं कलम ३८ आवाज बंद करायला लावण्याचा अधिकार देतं, तो तिथल्या तिथे वापरायचा आहे. बाळाला झोप तेव्हा हवी असते, दोन वर्षांनी निकालाच्या दिवशी नाही.

आता खासगीपणाकडे. कारवाई झाली की फोटो निघतो. तो बहुतेकदा अंमलदाराच्या स्वतःच्या मोबाइलवर, तिथून ठाण्याच्या ग्रुपवर, मग ‘धडाकेबाज कारवाई’ अशा मथळ्यासह पत्रकारांच्या ग्रुपवर, आणि समन्स निघायच्या आत आरोपीच्या मामाच्या गावापर्यंत. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात ढवळाढवळ करायची तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूच्या मापात बसणारा उपाय, तिन्ही लागतात. दोनशे रुपये दंडाच्या प्रकरणात चेहरा गावभर दाखवायला कोणत्या कायद्याचा आधार आहे? लखनऊच्या रस्त्यांवर आंदोलकांचे फोटो-पत्ते फलकांवर लावले होते, ते काढायला अलाहाबाद उच्च न्यायालयानं ९ मार्च २०२० ला सांगितलं, ते याच कारणानं. पुराव्याच्या दृष्टीनंही हा फोटो कुचकामी ठरू शकतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात उपकरणाचा तपशील आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखण्याची खूण येते. चार ग्रुपांतून फिरून आलेल्या, व्हॉट्सअ‍ॅपनं दाबून लहान केलेल्या फोटोची मूळ फाइल कुठाय, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

अटक झाली तर गोष्ट आणखी पुढे जाते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात, डिजिटल पद्धतीनंही, ठळकपणे लावायचं असतं. हे बेपत्ता केल्या जाणाऱ्या माणसाच्या रक्षणासाठी आहे. हातगाडीवाल्यासाठी ते बदनामीचं पोस्टर ठरतं. म्हणून जिथे कलम ३५ खालची हजर राहण्याची नोटीस पुरते, तिथे अटक नकोच.

आणि मग २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा. कुठल्याही कायद्याखालच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाचे बोटांचे ठसे, तळव्यांचे ठसे, फोटो, बुबुळाचं स्कॅन घेण्याचा अधिकार तो देतो. ‘कुठल्याही’त पोलीस अधिनियमाच्या ११७ चा दंडही बसतो. नोंद राहते ७५ वर्षं. निर्दोष सुटलेल्याची, आधी शिक्षा झालेली नसेल तर, नोंद नष्ट करायची तरतूद आहे; ‘हो’ म्हणून दोनशे भरलेल्याची नाही. केवळ मनाई आदेश मोडणाऱ्यांना त्या कायद्याच्या नियमांनी यातून वगळलं आहे, दुसरा गुन्हा सोबत नसेल तर. पण ती सूट किती ठाण्यांत ठाऊक असेल, देव जाणे. जुन्या पद्धतीत बासनात जाणारी गोष्ट आता ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नाव टाकून कुणालाही सापडते, ते वेगळंच.

आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत याचा चटका कुणाला बसतो, ते सांगायला नको. ज्या भागात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथे पहाटे रस्त्याच्या कडेला पोरं भरतीसाठी धावताना दिसतात, तिथे चारित्र्य पडताळणीचा फॉर्म ही घराघरातली चीज आहे. बावीस वर्षांचा पोरगा, मंडळाचा खजिनदार. डॉल्बीच्या केसमध्ये अध्यक्षाऐवजी तोच कोर्टात गेला, हो म्हणाला, दोनशे भरले, विसरला. पुढच्या वर्षी सैन्य किंवा पोलीस भरतीच्या फॉर्मवर प्रश्न येतो: तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का? त्याच्या मते ती शिक्षा नव्हती, पावती होती. तो ‘नाही’ लिहितो. आता अडचण गुन्ह्याची राहत नाही, माहिती दडवल्याची होते. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तरुण वयातल्या क्षुल्लक प्रकरणात नेमणूक करणारा अधिकारी असं दडवणं माफ करू शकतो. ‘करू शकतो’ या दोन शब्दांवर त्या पोराचं आयुष्य लटकतं.

यावर एक कायदेशीर वाट आहे आणि ती फार कमी जण मागतात. १९५८ चा परिविक्षा कायदा, म्हणजे प्रोबेशन. दोन वर्षांपर्यंतच्या कैदेच्या किंवा केवळ दंडाच्या गुन्ह्यात, पूर्वी शिक्षा नसेल, तर कलम ३ खाली कोर्ट समज देऊन सोडू शकतं, आणि कलम १२ प्रमाणे त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला चिकटत नाही. दोनशे रुपये भरण्यापेक्षा ही एक ओळ मागणं कितीतरी मोलाचं. बचाव खरोखर नसेल, तरी.

खासगीपणा आरोपीचाच असतो असं नाही. गल्लीतल्या मंडळाविरुद्ध तक्रार करणाऱ्या आजोबांचं नाव फोन ठेवायच्या आत मंडळाला कळतं, मग त्यांच्या दारासमोर मुद्दाम आरती. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये लाउडस्पीकरच्या प्रकरणात सांगितलं की तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करा आणि ती आवाज करणाऱ्याला कळू देऊ नका. मीटर नीट लावला तर तक्रारदाराची साक्षही लागत नाही. चांगला पुरावा दोन्ही बाजूंचं रक्षण करतो, तो असा.

भाडेकरूंच्या माहितीचा आदेशही इथेच बघावा. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत खोली घेतलेल्या कामगाराचा फोटो, आधारची झेरॉक्स, मोबाइल नंबर, गावाकडचा पत्ता, सगळं ठाण्यात. हेतू रास्त असू शकतो. पण त्या झेरॉक्स कपाटात किती दिवस ठेवायच्या, खोली सोडल्यावर फाडायच्या की नाही, कुणी बघायच्या, हे आदेशात लिहिलेलं नसेल तर तो माहिती गोळा करण्याचा आदेश आहे, सुरक्षेचा नाही. घरमालकानं शेवटचे चार आकडेच दिसणारं आधार द्यावं, पोच घ्यावी आणि पोचेवर तारीख लिहून घ्यावी. ‘माहिती दिली नाही’ या खटल्यात ती पोच हाच बचाव.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: प्रत्येक एससीसी लढवायला घेतली तर कोर्टं बुडतील. खरं आहे. पण मग बुडवणारं पाणी कुठून येतं ते बघा. सण किंवा निवडणुकीच्या आधी कारवायांचा आकडा दिसावा म्हणून दाखल झालेले, फिर्याद नसलेले, मुदत संपलेल्या आदेशावरचे खटले आधी गाळा. केवळ दंडाच्या गुन्ह्यात सहा महिन्यांत आणि वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्यात एका वर्षात फिर्याद किंवा एफआयआर झाली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे कोर्टाला सहसा दखल घेता येत नाही. ही चाळणी लावली तरी बोर्ड हलका होईल. ज्यांना खरोखर गुन्हेगारी कायद्याची गरज नाही, त्या गोष्टी नगरपालिकेच्या आणि महापालिकेच्या दंडाकडे जाव्यात. राहतील ते थोडे, आणि ते लढवायला वेळ निघतो.

ही चाळणी लावायची कुणी? सहायक सरकारी अभियोक्त्यांनी. महाराष्ट्राच्याच एस. बी. शहाणे प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की अभियोक्त्यांचं खातं पोलिसांच्या ताब्याबाहेर स्वतंत्र असावं, तपास करणाऱ्यानंच खटला चालवू नये म्हणून. खातं झालं. पण एससीसीच्या बोर्डावर अभियोक्ता मोठ्या खटल्यात गुंतलेला असतो आणि फाईल पुढे सरकवणारा हात असतो पैरवीच्या हवालदाराचा. पंचनामा ठाण्याचा, पंच ठाण्याच्या ओळखीचे, कबुलीचा सल्लाही ठाण्याचाच. शहाणे निकालाला जे नको होतं, तेच व्हरांड्यात चालतं.

समन्स हातात आलेल्या माणसानं कोर्टात जाण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात, म्हणजे आरोपीला फुकट वकील मिळतो तिथे जावं, किंवा कायदेशीर मदतीच्या १५१०० वर फोन करावा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट नाही. कोर्टात उभं राहिल्यावर आधी दोषारोपपत्राची प्रत मागावी. कलम २३० प्रमाणे ती चौदा दिवसांत फुकट मिळते, आणि ती हातात नसताना कबूल-नाकबूल विचारलं तर ‘प्रत मिळाली नाही’ हेच उत्तर नोंदवून घ्यावं. प्रतीत तीन गोष्टी शोधाव्यात: आदेशाची तारीख आणि मुदत, कलम २२३ असेल तर लेखी फिर्याद कुणाची, आणि मोजमाप असेल तर मीटरचा दाखला. तिन्हीपैकी एक जरी नसेल, तर २७४ खाली आरोप निराधार असल्याचा अर्ज त्याच दिवशी देता येतो. साध्या कागदावर, मराठीत, हातानं लिहिलेला चालतो.